तळ्याकाठचे तीन मुक्काम

बालमित्रांनो, जगाचा नकाशा उघडा पाहू. दक्षिण अमेरिकेवर बोट ठेवा आणि ते सरळ खाली सरकवत न्या. जिथं हे खंड गाजरासारखं निमुळतं होत जातं, तो शेवटचा भाग म्हणजे पॅटागोनिया. थोडा चिलीत, बराचसा अर्जेंटिनात. एका बाजूला अँडीज पर्वत, दुसऱ्या बाजूला नजर पोचणार नाही असा गवताळ माळ आणि पर्वताच्या पायथ्याशी ओळीनं मांडून ठेवल्यासारखी तळी. आपल्याकडे जानेवारीत हुडहुडी भरते तेव्हा तिकडे उन्हाळा असतो. तो हंगाम साधून जगभरचे प्रवासी तिथं जातात. काही जण विमानानं जातात, हॉटेलात उतरतात, फोटो काढतात नि परत येतात. पण काहींची तऱ्हा निराळी! पंधरा-वीस जणांचा गट करायचा, एका दणकट ट्रकात बसायचं, तंबू, भांडीकुंडी, धान्य सगळं त्याच ट्रकात, आणि बारिलोचे गावापासून पार दक्षिण टोकाच्या उशुआया शहरापर्यंत त्या ट्रकानंच जायचं. दिवस मावळला की तळ्याकाठी तंबू. स्वयंपाक पाळीपाळीनं. आज भाजी चिरली त्यानं उद्या भांडी घासायची. तिथं कुणी साहेब नाही नि कुणी नोकर नाही.

मी काही पॅटागोनियाला गेलेले नाही हं! हे सगळं वाचलेलं. पण सहावी-सातवीच्या मुलांना ते सांगितलं आणि मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, मग आपण का नाही जायचं?"

"कुठं? पॅटागोनियाला?"

"नाही हो! असंच. गाडीत तंबू घालून. तळ्यातळ्यानं."

आता आमचं गाव जालना जिल्ह्यातलं. इथं तळी कुठून आणायची, असं तुम्हांला वाटेल. मलाही क्षणभर वाटलं. मग नकाशा काढला आणि मुलांनीच पेन्सिलीनं तीन ठिपके दिले. पहिला ठिपका जालन्याजवळच्या घाणेवाडीचा, दुसरा सिंदखेडराजाचा, तिसरा लोणारचा. पुढची दोन गावं बुलडाणा जिल्ह्यात येतात, पण आम्हांला ती शेजारचीच. तीन रात्री, तीन तळी.

ठिपके देणं सोपं होतं, पालकसभा अवघड गेली. मुलांच्या नावांना लगेच होकार मिळाला. मुलींचं नाव निघालं की सभेत शांतता. "दिवसा न्या, कुठंही न्या, पण रात्रीचं काय?" एका आजोबांनी तर विचारलं, "घर असताना तंबूत कशाला निजायचं?" प्रश्न काही चुकीचा नव्हता. पालकहो, तुमची काळजी मला समजते, मीही एका मुलीची आई आहे. पण सहलीच्या यादीतून मुलींची नावं आपोआप गळतात आणि त्याबद्दल कुणाला काही वाटतही नाही, हे मला खटकतं. शेवटी दोन आया स्वतः उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "आम्ही येतो संगं. मुलींच्या तंबूच्या दोहो बाजूला आम्ही निजू." प्रश्न मिटला. चौदा मुली, बारा मुलगे, आम्ही तीन शिक्षक आणि त्या दोघी, असे एकतीस जण ठरलो. एस.टी.ची प्रासंगिक कराराची बस ठरवली. थोडे तंबू स्काऊटचे मिळाले, बाकीचे आम्ही ताडपत्री आणि बांबूंतून उभे करणार होतो. डिसेंबरचा शेवटचा आठवडा नक्की झाला.

निघण्याआधी मुलांना एक गणित घातलं. माणशी दिवसाला पाणी किती लागेल? प्यायला, स्वयंपाकाला, तोंड धुवायला, भांड्यांना? मुलांनी घरी विचारून, मापून आणलं. काटकसर करून दहा लिटर. म्हणजे एकतीस जणांना रोजचं तीनशे दहा लिटर! "तीन तळ्यांच्या काठी राहायचं आणि पाणी कशाला न्यायचं?" असं एकानं विचारलं. त्याला म्हटलं, थांब, तिसऱ्या मुक्कामाला कळेल तुला.

घाणेवाडीचा जलाशय निजामाच्या राजवटीत बांधलेला. कुंडलिका नदीचं पाणी तिथं अडवलं आणि जालना शहराला पुरवलं. गंमत म्हणजे ते पाणी शहराकडे यायला पंप लागत नाही, विजेचं बिल नाही, निव्वळ उतारानं येतं. बांधणाऱ्यांनी जमिनीचा उतार किती बारकाईनं मोजला असेल, बघा! २०१२-१३ च्या दुष्काळात मात्र हाच जलाशय आटला होता. आमच्या जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागाच्या बागा त्या साली वाळून गेल्या. तळाला भेगा पडलेल्या, आणि त्या भेगाळलेल्या तळातून लोक गाळ काढून ट्रॅक्टरनं शेतात नेत होते. माझ्यासमोर बसलेल्या मुलांपैकी तेव्हा कुणी जन्मलंही नव्हतं. त्यांना भरलेलं पाणी दिसत होतं, त्यावर उतरलेली बदकं दिसत होती. मला भेगा आठवत होत्या.

हे प्यायचं पाणी, म्हणून काठावर तंबू ठोकायचे नाहीत, पाण्यात भांडी बुडवायची नाहीत, हे आधीच ठरलं होतं. थोड्या अंतरावर एका पालकांचं शेत होतं, तिथं आम्ही उतरलो. मुलांनी हौसेनं तंबू उभारले. सगळ्या तंबूंची दारं तळ्याकडे! सकाळी उठलं की समोर पाणी दिसायला हवं ना! आणि रात्री नऊच्या सुमाराला पाण्यावरून वारा सुटला. एक ताडपत्री फडफडली, दुसरीची खुंटी निघाली, तिसऱ्या तंबूतल्या चार मुली आरडाओरडा करत बाहेर आल्या. आम्ही तिघं शिक्षक टॉर्च घेऊन या खुंटीकडून त्या खुंटीकडे पळतोय.

तेवढ्यात सहावीतली एक मुलगी पुढं आली. एरवी वर्गात चकार शब्द न बोलणारी. म्हणाली, "बाई, दार वाऱ्याकडं नसतं ठेवायचं. अन् खुंटी सरळ नाही ठोकत, तिरपी ठोकतेत." तिनं दोन मुलांना हाताशी धरलं, तंबू फिरवले, खुंट्या बाहेरच्या अंगाला कलत्या ठोकल्या, ताडपत्रीच्या कडेला फावड्यानं माती ओढून वर दगड ठेवले. दोराची गाठही तिची वेगळीच. ओढली की घट्ट, आणि एका झटक्यात सुटणारी. अर्ध्या तासात सगळं गपगार. मुलांनी त्याच रात्री तिला तंबूप्रमुख केलं. मला निवडणूक घ्यावी लागली नाही.

ती हे कुठं शिकली? सांगते पुढं.

वाऱ्याचा विषय निघालाच आहे, तर पॅटागोनियातला वारा फार प्रसिद्ध आहे. पश्चिमेच्या महासागरावरून येतो, पर्वत ओलांडतो आणि माळावर बेफाम सुटतो. चिलीमध्ये टोरेस देल पाइने नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे. सुळक्यांसारखे डोंगर, खाली निळी तळी. २००५ साली तिथं एका प्रवाशाचा छोटा गॅसचा शेगडा कलंडला आणि वणवा लागला. सुमारे १५ हजार हेक्टर, म्हणजे ३७ हजार एकर रान जळालं. एका माणसाचा एक शेगडा! २०११ च्या अखेरीस पुन्हा तसाच मोठा वणवा लागला. आता तिथं शेकोटी पेटवायला बंदी आहे. हे ऐकल्यावर आमच्या स्वयंपाकवाल्या तुकडीनं शेगडीच्या तिन्ही बाजूंनी दगड रचले आणि शेजारी पाण्याची बादली ठेवली. रोज. मी न सांगता.

दुसऱ्या दिवशी सिंदखेडराजा. जालन्याहून हे अगदी जवळ. लखुजी जाधवांचं गाव. १२ जानेवारी १५९८ ला जिजाऊंचा जन्म इथंच झाला, हे तुम्हांला पाठ असेल. वाडा पाहिला, मुजरा केला. पण आमच्या वहीत दुसराच ठिपका होता, मोती तलाव. जाधवांच्या अमदानीतला हा तलाव आणि त्याचा दगडी बांध. मुलं बांधावर बसून दगड मोजत होती आणि मी त्यांना पॅटागोनियातल्या तळ्यांची जन्मकथा सांगत होते. तिकडची बरीच तळी बर्फानं केलेली आहेत. फार पूर्वी डोंगरातून प्रचंड हिमनद्या खाली सरकल्या. बर्फाखाली सापडलेले दगड किसणीसारखे खडक खरवडत गेले आणि लांबच लांब खोलगट दऱ्या झाल्या. हिमनदी जिथं थांबली तिथं तिनं आणलेला दगडगोट्यांचा ढीग टाकला. पुढं बर्फ वितळलं, पाणी झालं आणि त्या ढिगानं ते अडवलं. म्हणजे बर्फानंच खणलं आणि बर्फानंच बांध घातला! खडक दळून झालेलं पीठ आजही त्या पाण्यात तरंगतं, म्हणून काही तळ्यांचा रंग दुधात निळी कालवल्यासारखा दिसतो. सिंदखेडला बर्फ कुठलं? इथं बांध माणसांनी घातला. डोक्यावर पाट्या वाहून.

"बाई, त्या माणसांची नावं कुठं लिहिलीत का?" एकानं विचारलं. आम्ही शोधली. दिसली नाहीत.

किनगावराजा, दुसरबीड, बीबी अशी गावं घेत बस लोणारला पोचली आणि मुलं खिडकीतून विचारू लागली, "कुठंय तळं? कुठंय?" कारण लोणार लांबून दिसतच नाही. सपाट रस्त्यानं तुम्ही जात असता आणि एकदम पायाखालची जमीन संपते. खाली अवाढव्य गोल वाटी. काठापासून काठापर्यंत सुमारे १.८ किलोमीटर रुंद आणि काठापासून तळापर्यंत साधारण दीडशे मीटर खोल. पन्नास मजली इमारत आत ठेवली तरी तिचं टोक जेमतेम काठाला लागेल. उतारावर झाडी आणि तळाशी हिरवट पाणी. बसमध्ये भांडणारी मुलं तिथं चिडीचूप झाली.

आपली ही सगळी जमीन काळ्या बेसॉल्ट खडकाची. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर पसरत गेला, त्याचा हा खडक. त्यावर आकाशातून एक अशनी आदळला आणि ही वाटी झाली. १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्यानं या विवराची नोंद केली. पुढं कित्येक वर्षं पुष्कळांना हे ज्वालामुखीचं तोंड वाटत होतं. मग शास्त्रज्ञांनी तळाला छिद्रं पाडून आतले खडक काढले. जे बदल नुसत्या उष्णतेनं होत नाहीत, प्रचंड आघातानंच होतात, तसे बदल त्यांत सापडले आणि कोडं सुटलं. वयाबद्दल मात्र मतं बदलली. आधीच्या मोजणीत सुमारे ५० हजार वर्षं निघाली, नंतरच्या अधिक बारीक मोजणीत ५ लाख ७० हजारांच्या आसपास. तेव्हा परीक्षेत "लोणारचे वय किती?" असा एका मार्काचा प्रश्न कुणी घातला, तर खुशाल दोन्ही आकडे लिहा!

विवराच्या काठावर बारमाही झरा आहे, तिथली धार गोड पाण्याची. मग खालचं पाणी? आम्ही हळदीत बुडवून वाळवलेल्या कागदाच्या पट्ट्या घरून नेल्या होत्या. लोणार हे २००० सालापासून अभयारण्य आहे, त्यामुळे वनरक्षकांना विचारून, त्यांच्या सोबतीनंच खाली उतरलो. एका मुलानं पट्टी पाण्याला टेकवली. पिवळी पट्टी क्षणात लालभडक! "बाई, कुंकू झालं!" ती पोरं ओरडली. बरोबरच आहे. हळदीत चुना पडला की कुंकवाचा रंग येतो, तसंच हे. पाणी खारट तर आहेच, शिवाय चुन्याच्या निवळीसारखं क्षारयुक्त. वाटीला बाहेर पडायला वाट नाही. झऱ्याचं, पावसाचं पाणी आत येतं, ऊन ते उडवून नेतं आणि सोबत आलेले क्षार मागं राहतात. हजारो वर्षं असं चाललेलं. पूर्वी लोक इथून खार काढून विकत असत.

पाण्याचं गणित मांडताना ज्यानं प्रश्न विचारला होता, तो पोरगा काठावर उकिडवा बसला होता. "एवढं पाणी," तो म्हणाला, "अन् प्यायला थेंब नाही?" मग स्वतःच बसमधले कॅन मोजायला वर गेला. दुष्काळी मुलखातल्या पोराला पाणी दिसलं की आधी प्यायचंच सुचणार.

पण न पिण्याजोगं म्हणजे निरुपयोगी असं समजू नका बरं का! या पाण्यात खारटपणावर जगणारे सूक्ष्म जीव आहेत, जे दुसरीकडे सहसा सापडत नाहीत. २०२० च्या जूनमध्ये हे तळं चक्क गुलाबी झालं होतं, आठवतंय? पाणी आटून खारटपणा वाढला आणि हेलोआर्किया नावाचे गुलाबी रंग तयार करणारे सूक्ष्म जीव बेसुमार वाढले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत नमुने तपासले तेव्हा हे समजलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोणारला 'रामसर' यादीत जागा मिळाली. जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांची ती यादी. तुमच्या गावाजवळचं तळं कुणी केलं, बर्फानं की अशनीनं की माणसानं, हे विचारून मला जरूर कळवा हं.

विवरात तंबू ठोकता येत नाहीत, म्हणून मुक्काम गावातल्या एका शाळेच्या मैदानावर होता. रात्री भाकरी, पिठलं, हिरवा ठेचा. थंडी मरणाची. गोधड्या पांघरून सगळे गोलात बसले होते आणि पॅटागोनियाचा विषय पुन्हा निघाला. तेव्हा आमच्या तंबूप्रमुखानं विचारलं, "बाई, ते लोक पैसे देऊन तंबूत निजतेत?"

"हो. बरेच पैसे देऊन."

"अन् माघारी गेल्यावर त्यांचं घर असतं ना?"

"असतं की."

"मग बरंय," ती म्हणाली.

मुलं तिच्याकडे बघायला लागली आणि मग तिनं सांगितलं. तिचे आईबाप ऊसतोडीला जातात. दिवाळीच्या आगेमागे मुकादमाची गाडी येते. उचल घेतलेली असते, जावंच लागतं. गाडीत भांडी, पीठ, सरपण, शेळी, कोंबड्या आणि पोरं. कारखान्याच्या आसपास फडाजवळ टोळी उतरते. बांबू वाकवून वर पाचट नि ताडपत्री टाकली की कोपी तयार. पाडव्याच्या सुमारापर्यंत तेच घर. पहाटे तीन-चारला माणसं फडावर. धाकट्या भावाला सांभाळायचं, पाणी आणायचं आणि वारा सुटला की कोपी धरून ठेवायची, हे काम तिचं. आठ वर्षांची असल्यापासून. दार वाऱ्याकडे ठेवत नाहीत, हे तिला तिथं कळलेलं.

दरवर्षी दिवाळीनंतर हजेरीपटावर तिच्या नावापुढं रेघच असायची. या वर्षी पहिल्यांदा ती आजीजवळ मागं राहिली, म्हणून आमच्या बसमध्ये होती. पुढच्या हंगामाचं अजून ठरलेलं नाही. आजी थकली आहे. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी गावोगाव हंगामी वसतिगृहं चालवतात, म्हणजे आईबाप फडावर असताना मुलांनी गावात राहून शाळा शिकायची. पालकहो, तुमच्या वाडीवस्तीवरून कुणी पोर दिवाळीनंतर गाडीत चढताना दिसलं, तर आधी शाळेत या आणि आम्हांला सांगा. आम्हांला बहुधा गाडी निघून गेल्यावर कळतं.

परत आल्यावर पुढच्या वर्षीच्या मुक्कामासाठी सामानाची यादी करायचं ठरलं. सगळ्यांनी एकमतानं ते काम तिच्याकडे दिलं. ती सांगत गेली आणि सातवीतल्या एका मुलानं लिहून घेतलं. यादी आमच्या वर्गात फळ्याशेजारी टांगलेली आहे. ताडपत्री दोन जास्तीच्या. बारदान खाली अंथरायला, कारण ओल खालून येते. दोर काथ्याचा, नायलॉनचा हाताला कापतो. सुई-दोरा. मिठाची पुडी वेगळी, पिठात नको. टॉर्च असली तरी काडेपेटी, आणि ती प्लास्टिकच्या पिशवीत. घागरीवर झाकण. लहान पोरांच्या खिशात गावाच्या नावाची चिठ्ठी. आणि फावडं.

"फावडं माती ओढायला ना?" लिहिणाऱ्यानं विचारलं.

"त्याला पण. निघताना खड्डे बुजवायचे असतेत."